टर्बोची कोर बदलली तरी निळा धूर, डिपस्टिक वर उचलते: क्रँककेसचा दाब मोजायचा कसा आणि उतरवायचा कसा?

गिरणाकाठ, चाळीसगाव

राम राम मंडळी. गाडी २०१४ ची, १२४८ सीसी चार सिलिंडर कॉमन रेल टर्बो डिझेल, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) नाही, १,७२,००० किमी. त्रास असा:

गरम इंजिन तीन-चार मिनिटं आयडलला उभं राहिलं आणि मग रेस दिली की मागे निळा ढग. कन्नड घाट चढताना मात्र धूर जवळजवळ नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला थोडा, मग बंद. डिपस्टिक आपोआप बोटभर वर आलेली दिसते. टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरतं, पुढच्या क्रँक सीलपाशीही ओल आहे. १,२०० किमीला एक लीटर तेल खाते. कूलंट घटत नाही, पिकअप ठीक.

४,००० किमी आधी टर्बोची कोर (चाकं, शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग) बदलली. महिनाभर धूर गेला, परत आला. आता सांगतात की बॅक कम्प्रेशन आहे (रिंगांजवळून वायू खाली गळतो), इंजिनच बांधावं लागेल. कम्प्रेशन कुणी मोजलेलं नाही. ऑइल फिलरचं झाकण काढून वाफ बघितली आणि निर्णय दिला. मंग आते काय करानं? इंजिन उघडण्याआधी काय काय तपासता येईल?

नोझलपंप धुळे

गिरणाकाठ भाऊ, इंजिनाला अजून पाना लावू देऊ नका. झाकण काढल्यावर वाफ येणं हा पुरावा नव्हे. १,७०,००० चाललेल्या कुठल्याही गरम डिझेलचं झाकण काढा, थोडी वाफ निघणारच.

आधी एक गोष्ट नीट बसवून घ्या. क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतला दाब दोन गोष्टींनी ठरतो: रिंगांजवळून गळून आत येणारा वायू किती, आणि बाहेर जायच्या वाटेत अडथळा किती. रिंगा चांगल्या असून ब्रीदर (हा वायू इनटेककडे नेणारी वाट) तुंबला तरी दाब चढतो. रिंगा गेल्या असून ब्रीदर मोकळा असेल तर दाब फारसा दिसत नाही, पण तेल भसाभस इनटेकला जातं. म्हणून दाब आणि वायू, दोन्ही वेगवेगळे मोजायचे. बाजारात यासाठी गेज मिळतात, पण गवंड्याची लेव्हल नळी तेवढंच अचूक सांगते.

आठ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी तीन मीटर घ्या. प्लायच्या फळीवर तिचा यू आकार करून बांधा, दोन्ही पाय ६० सेंमी उंच. निम्म्यापर्यंत पाणी भरा, चिमूटभर कुंकू टाका म्हणजे पातळी लांबूनही दिसेल. इंजिन गरम करा, बंद करा, डिपस्टिक काढा आणि नळीचं एक टोक डिपस्टिकच्या पाइपावर चढवा. सैल बसलं तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वरून क्लिप. इथून वारा गळाला तर सगळी मोजणी खोटी. दुसरं टोक उघडंच ठेवायचं. फळी इंजिनाच्या पातळीच्या खाली उभी करा, आत ओढ असेल तर पाणी इंजिनात जाता कामा नये.

वाचताना बहुतेकांची चूक होते. एका बाजूचं पाणी ४० मिमी चढलं आणि दुसऱ्या बाजूचं ४० मिमी उतरलं तर दाब ४० नाही, ८० मिमी. दोन्ही पातळ्यांमधलं अंतर मोजायचं. साधारण १० मिमी पाणी म्हणजे १ मिलिबार.

तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल तर तोच धरा. नसेल तर अशा लहान टर्बो डिझेलसाठी गॅरेजचा अंदाज असा: गरम आयडलला शून्याच्या आसपास किंवा थोडी ओढ असावी. २५ मिमीपर्यंत दाब असेल तर काळजी नाही. ५० च्या वर गेला तर कारण शोधायला लागा. आयडललाच १०० च्या वर असेल तर टर्बो, सील, गॅस्केट यांच्यावर कितीही खर्च करा, टिकणार नाही. दुसरं वाचन २,५०० आरपीएमला घ्या.

मग एकेक वाट बंद करत जा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा.

पहिला व्हॅक्यूम पंप. हा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. डिझेलला ब्रेक बूस्टरसाठी कॅमशाफ्टच्या टोकाला पंप असतो, आणि तो ओढलेली हवा इंजिनातच सोडतो. बूस्टरचा पडदा फाटला किंवा टर्बो, ईजीआरकडे (जळका वायू परत इनटेकला देणाऱ्या व्हॉल्व्हकडे) जाणारी बारीक नळी तडकली तर पंप अखंड बाहेरची हवा ओढून क्रँककेस भरत राहतो. पंपाच्या नळीची जोडणी काढा आणि पंपाचं तोंड रबरी बुचाने बंद करा, उघडं ठेवू नका. आकडा धाडकन उतरला तर दोष व्हॅक्यूमच्या नळ्यांमध्ये आहे, रिंगांचा संबंध नाही. ही तपासणी गाडी जागेवर उभी, चाकांना दगड लावून. बूस्टरशिवाय ब्रेक दगडासारखा होतो, एक फूटही चालवू नका.

दुसरा ब्रीदर. टर्बोच्या आधीच्या इनटेक पाइपातून ब्रीदरची नळी काढा, पाइपाचं भोक बुचाने बंद करा (उघडं ठेवलं तर फिल्टरशिवाय धूळ थेट टर्बोत), आणि वाचन घ्या. मग तीच नळी टॅपेट कव्हरकडच्या टोकालाही काढा, परत वाचन. नळी काढल्यावर उतरलं तर नळी तुंबलेली किंवा आतून चिकटलेली. दोन्ही टोकं मोकळी असूनही उतरलं नाही तर अडथळा त्याच्याही आत, तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये आहे.

तिसरी पायरी वायू मोजण्याची. ऑइल फिलरला रबरी बूच बसवून त्यातून किमान १९ मिमीची नळी काढा. ब्रीदरचं तोंड बंद, डिपस्टिक बंद. नळीच्या टोकाला ५० लीटरची कचऱ्याची पिशवी पूर्ण पिळून, हवा काढून बांधा, आणि आयडलला ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. हिशेब सोपा आहे: १२४८ सीसीचं इंजिन ८५० आरपीएमला मिनिटाला जेमतेम ५३० लीटर हवा घेतं. पिशवी मिनिटात भरली तर घेतलेल्या हवेच्या दहाव्या हिश्शाइतका वायू खाली उतरतोय, मग रिंगा, बोअर, पंप यांतलं काहीतरी नक्की गेलंय. अडीच-तीन मिनिटं लागली तर एवढ्या चाललेल्या इंजिनाला ते खपतं. पिशवी फुगली की लगेच काढा, आतली वाफ गरम आणि तेलकट असते, जवळ विडी-काडी नको.

या तीन गोष्टींना दोन तास आणि अडीचशे रुपयांच्या आत खर्च. आकडे इथे टाका.

रावेरचा टर्बोवाला

वरचं सगळं बरोबर. मी टर्बोच्या बाजूने लिहितो, कारण तुमच्या वर्णनात एक ओळ फार बोलकी आहे: आयडलला उभी राहिली की धूर, घाटात नाही.

टर्बोच्या शाफ्टवर रबराचं सील नसतं. पिस्टनला असतात तशा बारीक लोखंडी रिंगा असतात आणि त्या तेल अडवतात ते बऱ्याच अंशी दाबाच्या फरकावर. गाडी भारावर असते तेव्हा कॉम्प्रेसरच्या चाकामागे बूस्टचा (टर्बोने दाबलेल्या हवेचा) दाब आणि टर्बाइनकडे एक्झॉस्टचा दाब, दोन्ही बाहेरून आत ढकलतात, म्हणून तेल आतच राहतं. आयडलला हे दोन्ही दाब जवळजवळ शून्य. त्यात क्रँककेसचा दाब तेल-परतीच्या पाइपातून उलटा वर येऊन टर्बोच्या मधल्या भागात बसला, की त्याला बाहेर पडायला सीलशिवाय वाट नाही. तेल घेऊनच तो बाहेर पडतो. टर्बाइनकडे साचलेलं तेल रेस दिल्यावर तापतं आणि मागे निळा ढग दिसतो. तीच गोष्ट कॉम्प्रेसरकडे झाली तर तेल इंटरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीत) जाऊन बसतं.

म्हणून नवी कोर महिनाभर चालते आणि परत धूर सुरू होतो. टर्बो या कहाणीत बळी आहे, गुन्हेगार क्वचित.

कोर बदलताना एक चूक इतकी होते की ती आधी बघा. परतीच्या पाइपाच्या फ्लँजला कागदी किंवा पत्र्याचं गॅस्केट लावायच्या ऐवजी सिलिकॉन सीलंट फासतात. बोल्ट आवळला की जादा सीलंट आत दाबला जातो, तिथे वळकटी होऊन लोंबतो आणि तेलाचं भोक अर्धं झाकतो. टर्बोत तेल येतं दाबाने, जातं मात्र नुसतं स्वतःच्या वजनाने, फेसाळलेलं. तिथे थोडा अडथळाही पुरे. पाइप काढा, उजेडात धरून आरपार बघा. पाइप उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेला नसावा, कुठे पोटात वाकून तेल साचेल असा झोल नसावा, आतला व्यास १२ मिमीच्या खाली नको, आणि चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तो तेलाच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. यातूनच एक साधी गोष्ट निघते: तेल मॅक्सच्या वर भरलं तर परतीचं तोंड बुडू शकतं. शिवाय क्रँक तेलाला मारतो, धुकं होतं आणि ब्रीदर ते उचलतो. सपाट जागेवर, बंद केल्यावर दहा मिनिटांनी लेव्हल बघा. आपल्याकडे ‘गरमी आहे, पाव लीटर जास्त असू द्या’ म्हणून भरतात, तेवढ्यानेही धूर येतो.

दुसरी वाट एअर फिल्टरची. फिल्टर तुंबला की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि तेल त्या बाजूने खेचलं जातं. एप्रिल-मेमधली काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या हंगामात उडणारी रुई, दोन्हींत फिल्टरचे मॅन्युअलमधले किलोमीटर निम्मे धरा. फिल्टर नवा असला तरी पेटीच्या कडेला नीट बसला का ते पाहा. फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. मातकट रेघ आली तर धूळ इंजिनात जातेय, आणि रिंगा खरोखर घासल्या असण्याची शक्यता तिथे वाढते. कॉम्प्रेसरच्या पात्यांची पुढची धार बोटाने चाचपा: गोलावलेली, खरखरीत लागली तर तोच पुरावा.

शाफ्टची ढिल तपासताना गोंधळ नको. आडवी थोडी हालचाल कोरड्या टर्बोत जाणवतेच, चाक घराला घासत नाही तोवर ठीक. पुढे-मागे मात्र जाणवण्याइतकी नको.

आता जिवाची गोष्ट. इंटरकूलरचा खालचा पाइप काढून बघा. आत तेलाचा ओलावा, पातळ थर असणं नेहमीचं आहे. पाइप वाकवल्यावर चहाचा कप भरेल एवढं तेल ओतलं जात असेल तर ते काढल्याशिवाय गाडी चालवू नका. हायवेला जोरात रेस दिली की ते तेल एकदम सिलिंडरमध्ये जातं आणि इंजिन त्याच्यावरच पळायला लागतं. चावी काढली तरी बंद होत नाही, कारण त्याला डिझेल लागतच नाही. तसं झालं तर: टॉप गिअर, पूर्ण ब्रेक आणि हँडब्रेक, मग क्लच झटक्यात सोडा आणि इंजिन गुदमरवा. उभ्या गाडीत इनटेकचं तोंड फळीने दाबून बंद करा. हात किंवा फडकं कधीच नाही, दोन्ही आत ओढले जातात. आवाज वाढत चालला असेल तर लांब पळा, इंजिन फुटू शकतं.

इंटरकूलर धुताना पेट्रोल-थिनर वापरू नका. पाण्यात मिसळणारं डीग्रीजर, दोन-तीनदा भरून हलवून ओतायचं, मग साधं पाणी, मग दोन दिवस उन्हात उलटा उभा. आत थेंबही राहायला नको.

अमळनेरकर

मध्येच विचारतो. माझ्याकडे तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल आहे. आयडलला शिट्टीसारखा बारीक आवाज, इंजिन थरथरतं, चेक लाइटचा कोड पी ०१७१, आणि ऑइल फिलरचं झाकण इतकं घट्ट ओढलेलं की चालू इंजिनावर निघत नाही. हीच भानगड का? ब्रीदरला एक ऑइल कॅच कॅन लावला तर दोन्ही गाड्यांचा प्रश्न सुटेल असं एकाने सांगितलं.

नोझलपंप धुळे

अमळनेरकर दादा, तुमची भानगड उलटी आहे. तुमच्याकडे दाब नाही, जादा ओढ आहे. पेट्रोल टर्बोत ब्रीदरच्या दोन वाटा असतात. आयडलला इनटेक मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, तेव्हा वायू तिकडे जातो. बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये उलट दाब होतो, म्हणून तिकडचा चेक व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू टर्बोच्या आधीच्या पाइपाकडे वळतो. ओढ ठरावीकच राहावी म्हणून मधे रबरी पडदा असतो. तो फाटला की बाहेरची न मोजलेली हवा आत जाते: शिट्टी, थरथर, आणि मिश्रण पातळ झाल्याचा तुमचा कोड. झाकण चिकटणं त्यातलंच. बऱ्याच गाड्यांत पडदा टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, काहींत वेगळा मिळतो, आधी पार्टच्या दुकानात विचारा.

चेक व्हॉल्व्ह खराब झाला तर याच्या उलट होतं: बूस्टचा सगळा दाब क्रँककेसमध्ये घुसतो आणि मागचं क्रँक सील बाहेर ढकललं जातं. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंका. एकाच दिशेने हवा गेली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल तर फेकून द्या.

कॅच कॅनबद्दल सरळ सांगतो: तो दाब कमी करत नाही. वायूतलं तेल गोळा करतो, एवढंच. आत जाळी आणि अडथळ्याच्या पट्ट्या नसतील तर तेही धड करत नाही, नुसता डबा. आणि नळी बारीक लावली तर दाब वाढवतो. आपल्या भागात ब्रीदरला ठिबकची १६ मिमीची काळी नळी जोडलेली दिसते, ते कृपा करून करू नका. ती आतून साधारण १४ मिमी असते. १९ च्या जागी १४ आली की त्याच वायूला अडथळा साडेतीन ते साडेचार पट होतो. शिवाय बॉनेटखालच्या उष्णतेत ती मऊ पडून वळणावर चपटी होते. साधी पाण्याची रबरी नळीही नको: तेलाच्या वाफेने आतला थर फुगतो, बाहेरून नळी ठणठणीत आणि आतून बंद. तेल सोसणारी नायट्राइल रबराची नळी घ्या, टर्बोजवळून जात असेल तर फ्लोरो रबराची. साधी सिलिकॉन नळी निळी चकचकीत दिसते, पण तेल तिच्या अंगातून पाझरतं.

ब्रीदर खाली मोकळा सोडणं हा तर उपायच नाही. टर्बोची ओढ जाते, तेलाचा शिंतोडा गाडीखाली पसरतो, आणि इंजिन थंड होताना तिथूनच धूळ आत ओढली जाते.

गिरणाकाठ, चाळीसगाव

आकडे आणले. कुंकवाची लेव्हल नळी, गरम इंजिन.

आयडल १३० मिमी, २,५०० ला २१०. व्हॅक्यूम पंपाचं तोंड बंद करून आयडल १२५. ब्रीदरची नळी टर्बोकडून काढून १२०. दोन्ही टोकांनी काढून ११५. पिशवी दोनदा भरली: २ मिनिटं ४० सेकंद आणि २ मिनिटं ३५ सेकंद.

परतीच्या पाइपात सीलंट सापडला. वरच्या फ्लँजपाशी काळ्या रबरासारखी जीभ आत लोंबत होती, साधारण एक-तृतीयांश भोक झाकलेलं. इंटरकूलरमधून अंदाजे ७० मिली तेल निघालं. एअर फिल्टरनंतरचा पाइप स्वच्छ, पात्यांची धार शाबूत.

नोझलपंप धुळे

झकास मोजलंत. आता वाचू.

पंप बंद केला, ५ मिमीचा फरक: व्हॅक्यूमच्या नळ्या ठीक. नळी काढली, १५ चा फरक: नळीत थोडा अडथळा आहे, पण मुख्य नाही. दोन्ही टोकं मोकळी असतानाही ११५ राहिला, म्हणजे वायू सेपरेटरमध्ये अडतोय. पिशवीचा हिशेब मिनिटाला १९ लीटर, घेतलेल्या हवेच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. एवढ्या वायूने मोकळ्या सेपरेटरवर १३० मिमी दाब होऊच शकत नाही. इंजिन बांधायचं कारण अजून तरी दिसत नाही.

टॅपेट कव्हर काढा. सेपरेटर त्याच्या पोटात असतो, बहुधा पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांमागे. तिथे डांबरासारखा थर दिसेल. तो लाकडी काडीने खरवडा, लोखंडी पान्याने नाही, ओरखडे पडून प्लास्टिक तडकतं. मग डीग्रीजरमध्ये रात्रभर बुडवा. सगळ्यात महत्त्वाचं: वेगळं झालेलं तेल परत हेडमध्ये सोडणारं बारीक भोक शोधा, दोन-तीन मिमीचंच असतं. ते बंद राहिलं तर वरचा रस्ता कितीही मोकळा करा, तेल खाली उतरणार नाही आणि वायूबरोबर इनटेककडे जाईल. पाण्याची धार ओतून ती भोकातून खाली पडते का बघा. कव्हरच्या आत जोडून टाकलेला सेपरेटर असेल आणि साफ होत नसेल तर कव्हर नवंच घ्या, टर्बोच्या निम्म्या किमतीतही येतं. पडदा असलेला प्रकार असेल तर तो उजेडात ताणून बघा, सुईएवढं भोकही चालत नाही.

गॅस्केट नवं लावा, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क पान्याने. पुढचं क्रँक सील आत्ता बदलू नका. दाब उतरल्यावर ते पुष्कळदा आपोआप कोरडं राहतं.

टर्बोचा परतीचा पाइप गॅस्केटसह जोडा, सीलंट अजिबात नको. येणाऱ्या तेलाच्या बँजो बोल्टमध्ये बारीक जाळी असेल तर ती साफ आहे ना बघा. जोडण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओता, चाक हाताने फिरवा, आणि नोझलची (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची) सॉकेटं काढून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मगच स्टार्ट.

इंजिन फ्लशची बाटली कुणी सुचवली तर नको म्हणा. एवढ्या थरावर ती ओतली की सुटलेले कपटे चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतात आणि तेलाचा दाब जातो. त्याऐवजी मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच चांगलं तेल, आणि पुढचे दोन बदल ३,००० किमीवर. धूर झाकायला जाड २०डब्ल्यू-५० भरू नका, सकाळच्या थंडीत ते टर्बोपर्यंत पोचायला वेळ घेतं.

नंतर एक लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती टक्के गळते ते बघणं) करून घ्या, रिंगांचा संशय कायमचा मिटेल. हीटर प्लगच्या भोकातून, पिस्टन अगदी वर आणून, ७ बार हवा. प्लग गरम इंजिनावर, हळूच, आधी थोडं भेदक तेल सोडून काढा. तो तुटला तर हेड उतरवावं लागतं. क्रँक धरून ठेवा, नाहीतर हवेने फिरून पाना हातावर येतो. हवा कुठे फुसफुसते ते ऐका: ऑइल फिलरमध्ये म्हणजे रिंगा, एक्झॉस्टमध्ये किंवा इनटेकमध्ये म्हणजे व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट. १५ टक्क्यांपर्यंत उत्तम, २५ पर्यंत चालतं, ३० च्या पुढे विचार करा.

कुणी ‘सिलिंडरमध्ये तेल ओतून कम्प्रेशन बघू’ म्हणालं तर तो पेट्रोलचा उपाय आहे. तुमच्या एका सिलिंडरचं माप ३१२ सीसी, कम्प्रेशन १७-१८ पट, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा १८ ते २० सीसी. त्यात १० सीसी तेल ओतलं तर निम्मी जागा तेलानेच भरली. गेल्या रिंगांचंही कम्प्रेशन सुंदर दिसेल, आणि थोडं जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

गिरणाकाठ, चाळीसगाव

सेपरेटर साफ झाला. परतीचं भोक पूर्ण बंद होतं, तारेने उघडावं लागलं. नळी नवी, इंटरकूलर धुऊन वाळवला. आता आयडल शून्य ते उणे ५, २,५०० ला १५. डिपस्टिक जागेवर राहते.

लीक-डाउन: १२, १४, १३ आणि चौथा २२ टक्के, चौथ्याची हवा फिलरमध्ये ऐकू येते. पण धूर अजून थोडा आहे, १०० किमी झाले. आणि चौथ्याचं काय करू?

रावेरचा टर्बोवाला

सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मुरलेलं तेल अजून जळतंय. धुळ्याकडे हायवेला तीन हजार आरपीएमने सलग ४०-५० मिनिटं चालवा, शहरात ते निघत नाही. ३०० किमीनंतरही आयडलचा ढग तसाच असेल तर एक्झॉस्टचा पहिला जोड उघडून टर्बाइनकडे बघा. ओलं तेल असेल तर कोरच्या टर्बाइनकडच्या रिंगा आधीच्या दाबात गेल्यात. कोरडी काजळी असेल तर काही करू नका. घाटातून आल्यावर मिनिटभर आयडल ठेवून मग बंद करा, तापलेल्या शाफ्टवर उभं राहिलेलं तेल जळून खडा होतो.

नोझलपंप धुळे

चौथा २२ ला इंजिन उघडायचं नाही. चौथं नोझल मात्र काढून बेंचवर तपासा. थेंब गाळणारं नोझल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं आणि त्याच एका सिलिंडरच्या रिंगा लवकर घासतात. तेलाला डिझेलचा वास येतो का, लेव्हल स्वतःहून चढते का, हेही बघा. नोझल परत बसवताना तांब्याचा वायसर नवा, बसायची जागा अगदी स्वच्छ. जुना वायसर घातला तर जळका वायू बाजूने वर येतो आणि नोझलभोवती काळा डांबराचा गोळा होतो.

तेल मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, आणि १,००० किमीनंतर परत त्याच खुणेवर यायला किती मिली लागले ते मापाने मोजा. तो आकडा आणि त्या दिवशीचं लेव्हल नळीचं वाचन, दोन्ही एकाच कागदावर बॉनेटच्या आतून चिकटवा.